निरिच्छ माणसाचा दहावा

"घाई नाही, वहिनी," पद्माकरभाऊ आईला म्हणाले. "माणसाच्या मनात काही राहिलं असेल तर वेळ लागतोच."

त्यांनी छत्री या हातातून त्या हातात घेतली. ऊन तापायला लागलं होतं. घाटाच्या पायरीवर केळीच्या पानावर माझ्या वडिलांचा, आबांचा, पिंड ठेवला होता आणि थोड्या अंतरावर पंपघराच्या छपरावर कावळे बसले होते. एखाददुसरा नव्हे, चांगली रांग. पण एकही पिंडाकडे बघत नव्हता. सगळ्यांच्या शेपट्या आमच्याकडे आणि चोची पलीकडे.

पायरीवर आम्ही चौघं उभे होतो. आई, माझा धाकटा भाऊ उदय, आबांचे धाकटे भाऊ भालूकाका आणि मी. बायकांनी घाटावर जायचं नाही ही जुनी रीत नगरानं केव्हाच मोडून काढली होती. घरातलं झाडून सगळं माणूस दहाव्याला हजर पाहिजे, असा हुकूम होता. तेव्हा आम्हाला ती सुधारणा वाटली होती.

नगराचे अधिकारी पद्माकरभाऊ, त्यांच्या मागे एक साक्षीताई उभी होती. साक्षीतायांचं काम फक्त ऐकायचं. त्या लिहीत नसत, बोलत नसत, मान हलवत नसत. दुसरी साक्षीताई बादली घेऊन पंपघराच्या मागे जात-येत होती. घाट धुण्यासाठी पाणी नेत असेल असं मला वाटलं.

दुपारचा भोंगा व्हायच्या आत कावळा शिवला नाही, तर आमचं घर फुटणार होतं. मेलेल्या माणसाची इच्छा घरानं दडवून ठेवली असा त्याचा अर्थ, आणि अशा घरातल्या माणसांना चार वेगळ्या वसतिगृहांत टाकत. आई एकीकडे, उदय एकीकडे. पुन्हा भेट नाही. आमच्या चाळीतली एक खोली अशीच रिकामी झाली होती आणि तिच्या दारावरून जाताना लोक अजून पावलं उचलत.

ज्यांनी नगर पाहिलं नाही त्यांना थोडं सांगायला हवं. तिथे सगळं सारखं होतं. राखाडी कपडे, एका मापाच्या खोल्या, एकाच भटारखान्यातून येणारा डबा. पण नुसते कपडे सारखे करून माणसं सारखी होत नाहीत, हे वरच्यांना बरोबर कळत होतं. म्हणून शाळेपासून आम्हाला एकच उत्तर घोटवलेलं. पोळी हवी की भाकरी? चालेल. खिडकीपाशी झोपतेस की दाराशी? चालेल. लग्नाला हा मुलगा की तो? तेही चालेल. 'आवडतं' आणि 'हवंय' हे शब्द वर्गात कोणाच्या तोंडून निसटले, तर शिवी ऐकल्यासारख्या सगळ्या माना खाली जायच्या. आणि ज्या घरात कोणालाच काही नको, त्या घराच्या दारावर पितळी पट्टी लागायची: निरिच्छ.

आमच्या दारावर ती पट्टी होती. सगळी आबांची पुण्याई. आबा नगराच्या धोबीखान्यात होते. सगळ्या नगराचे राखाडी कपडे त्यांच्या हाताखालून जात. त्यांच्याइतका निरिच्छ माणूस माझ्या पाहण्यात नाही. आमटीत मीठ नसलं तरी जेवत, दोनदा पडलं तरी जेवत. शेवटच्या आजारात मी विचारलं, उशी उंच करू का? म्हणाले, चालेल. तशीच ठेवू? तरी म्हणाले, चालेल. मला तेव्हा त्यांचा असा राग आला होता की उशी फेकून द्यावीशी वाटली. मरणाऱ्या माणसानं तरी काहीतरी मागावं की नाही?

सगळे सण नगरानं बंद केले, पण दहावा ठेवला. त्या एका सकाळी, त्या घाटावर, आपल्या मेलेल्या माणसाची राहिलेली इच्छा ओळखून मोठ्यानं बोलायची मुभा होती. बोलत राहायचं, कावळा शिवेपर्यंत. घाटावरचं बोलणं घाटावरच राहतं, असा नियमच होता. आईला ती वरच्यांची दया वाटायची. काही झालं तरी शेवटी माणसंच ती, असं ती म्हणायची. आणि कावळा शिवायचाही. आमच्या आठवणीत भोंग्याच्या आत न शिवलेला कावळा एखादाच.

आम्ही आधी जे सगळेच म्हणतात ते म्हणालो. मुलांची काळजी करू नका, सगळं नीट होईल, आम्ही एकमेकांना धरून राहू. कावळ्यांच्या शेपट्या जागच्या हलल्या नाहीत.

"हे तर सगळेच म्हणतात," पद्माकरभाऊ म्हणाले. त्यांचा आवाज नेहमी मऊ. नगरात सगळे अधिकारी भाऊ आणि सगळ्या अधिकारी बायका ताई, त्यामुळे कोणी रागावल्याचं कधी कळायचंच नाही. "त्यांचं असं काही असेल ना? खास?"

हा शब्द आम्ही कित्येक वर्षांत ऐकला नव्हता. भालूकाका चपापले. काका आमच्याच खोलीत राहायचे, भित्रा माणूस, दुपारी दार वाजलं तरी उठून उभे राहायचे. पण आबांवर त्यांचा जीव होता आणि घर फुटायची भीती त्याहून मोठी होती. ते पुढे सरकले, हात जोडले आणि पिंडाकडे बघून म्हणाले, "दादा, तुला पेटी वाजवायची होती. राहून गेली. आम्ही... आम्ही कुठून तरी पेटी आणू. तू ये."

माझ्या मनात पाल चुकचुकली. आबा आणि पेटी? आबांना टाळ कुठे वाजवावा हेसुद्धा कळत नव्हतं. उलट काका बसल्या जागी मांडीवर बोटं नाचवत असायचे, झोपेतसुद्धा. आत्ताही जोडलेल्या हातांची त्यांची बोटं एकमेकांवर हळूहळू उठत होती, बसत होती.

मी छपराकडे पाहिलं. कावळा आला का म्हणून कोणीही छपराकडेच पाहील. पद्माकरभाऊंनी मात्र पाहिलं नाही. ते काकांच्या बोटांकडे बघत होते. मागची साक्षीताईसुद्धा.

"छान," ते म्हणाले. "आणखी कोणाला काही आठवतंय? उदय, तू सांग. बापाचं मन मुलालाच कळतं."

उदयला तेव्हा कामाला लागून थोडेच दिवस झाले होते. तो मुळात कमी बोलणारा. त्यानं आईकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि पायाच्या अंगठ्यानं पायरीवरचं शेवाळ खरवडत म्हणाला, "आबांना समुद्र बघायचा होता."

समुद्र उदयचा होता, आबांचा नव्हता. लहानपणी हा पोरगा नीळ बोटाला लावून भिंतीवर आडव्या रेघा ओढायचा आणि हा समुद्र म्हणायचा. आई घाबरून ओल्या फडक्यानं पुसायची आणि त्याच्या पाठीत धपाटा घालायची. मला वाटलं होतं, तो विसरला. तो विसरला नव्हता, आणि आता आबांच्या आडून तोच समुद्र पुन्हा बाहेर काढत होता.

"समुद्र," पद्माकरभाऊ म्हणाले. जिभेवर खडीसाखर ठेवावी तसा त्यांनी तो शब्द तोंडात ठेवला. "त्यांनी तुला तसं सांगितलं होतं?"

"हो."

"कधी?"

उदय पुन्हा शेवाळ खरवडायला लागला. छपरावरचा एक कावळा उडाला आणि पंपघराच्या मागे उतरला. त्याच्या मागोमाग दुसरा.

आता मला तिथे उभं राहवेना. पिंडावर सोडायचं पाणी संपलं होतं. तांब्या घेऊन मी म्हणाले, पाणी आणते. भाऊंनी मानेनं जा म्हटलं. माझ्याकडे त्यांचं लक्षच नव्हतं. मी लग्नाचं वय उलटत आलेली, शिवणखान्यात बसणारी, विचारलं की चालेल म्हणणारी मुलगी. माझ्याकडून त्यांना काय मिळणार होतं?

पंपघराच्या मागे नळ होता. नळाजवळ दुसरी साक्षीताई पाठमोरी उभी होती आणि बादलीतून मूठ-मूठ काहीतरी टाकत होती. माशांची डोकी, आतडी, भटारखान्यातला सगळा गाळसाळ. कावळे तिच्या पायांशी नुसते तुटून पडले होते. एवढं समोर असताना पिठाच्या गोळ्याकडे कोण बघणार?

मी तांब्या तसाच धरून उभी राहिले. तिनं वळून पाहिलं. चाळिशीची असेल, डोळ्यांखाली काळं.

"पाणी घे आणि जा," ती म्हणाली.

मी विचारलं, हे काय चाललंय? मला वाटलं ती ओरडेल, भाऊंना हाक मारेल. तिनं फक्त आणखी एक मूठ टाकली.

"सगळे बोलून झाले की भाऊ छत्री मिटतात. मग मी हे बंद करते. कावळे तिकडे येतात."

"पण आबांची इच्छा..."

"मेलेल्याचं कोण विचारतंय, बाई?" ती कावळ्यांकडे बघतच बोलत होती. "त्याचं आता कोणी काय वाकडं करणार? आपल्या मनातलं माणूस आपल्या नावावर कधी बोलत नाही. मेलेल्याच्या नावावर बोलतं. ते ऐकायला आम्ही येतो."

शेजारच्या शकूमावशी गेल्या, त्यांच्या दहाव्याला त्यांचा जावई म्हणाला होता की मावशींना रानात एकटं फिरायचं होतं. सगळे रडले होते. कावळा झटकन शिवला. पुढे पावसाळा संपता संपता जावई विसाव्याला गेला. विसावा म्हणजे सुधारायला पाठवायचं ठिकाण, नाव मात्र असं. या दोन गोष्टींची सांगड आमच्यापैकी एकानंही घातली नव्हती. मध्ये महिने जाऊ द्यायचे, एवढीच काय ती त्यांची युक्ती.

"तुम्ही मला का सांगताय?" मी विचारलं.

"माझा नवरा गेला तेव्हा मला कोणी सांगितलं नाही," ती म्हणाली.

हे खरं असेलही. किंवा तोही सापळ्याचाच एक भाग असेल, मागे येणाऱ्या माणसाच्या तोंडून काय निघतं ते बघायचा. मी खूप वर्षं त्यावर डोकं खपवलं आहे आणि मला अजून सांगता येत नाही. नगरात माणसाचं वाईटच काय, चांगलंही धड खरं मानता येत नसे. मी तांब्या भरला आणि परत निघाले.

चार पावलांचं अंतर, पण डोकं भणभणत होतं. सगळ्यांना गप्प केलं तर कावळा शिवणार नाही, भोंगा होईल, घर फुटेल. बोलू दिलं तर कावळा शिवेल, आणि पुढे कधीतरी एकेक जण विसाव्याला जाईल. काका आणि उदय तर बोलून बसले होते. ते आता परत घेता येणार नव्हतं. दुसऱ्या कोणाच्या तरी नावावर घालता येणार होतं, आणि आबा त्यांना नको होते. त्यांना जिवंत माणूस हवं होतं.

मी पोचले तेव्हा पद्माकरभाऊ आईशी बोलत होते.

"वहिनी, तुमच्याइतकं त्यांना कोण ओळखणार? इतकी वर्षं संसार केलात. काहीतरी म्हणालेच असतील."

आई पिंडाजवळ गेली होती. तिनं पदर नीट केला. तिच्या चेहऱ्यावर मी कधी पाहिलं नव्हतं असं काहीतरी आलं होतं. काहीतरी बोलायचं ठरवून बसलेल्या आणि आता एकदाची संधी मिळालेल्या माणसाचा चेहरा असतो तसा. मला तो चेहरा बघून आनंद व्हायला हवा होता. मला भीती वाटली.

"भाऊ, ह्यांना..." आईनं सुरुवात केली.

"आबांना काही नको होतं," मी म्हणाले.

सगळे वळले. मी तांब्या खाली ठेवला.

"आबा निरिच्छ होते, भाऊ. दारावर पट्टी आहे. समुद्र, पेटी, असलं ते कधी बोललेच नाहीत. या दोघांच्या डोक्यात ते मी भरलंय. घरात मीच बोलत असते. काकांना पेटीचं मी सांगितलं, उदयला समुद्राचं मी. बिचाऱ्यांना आता काय सांगावं ते सुचेना, म्हणून माझं ऐकलेलं आबांच्या नावावर सांगितलं."

पद्माकरभाऊंनी मला पहिल्यांदा नीट पाहिलं. "आणि तुम्हाला कोणी सांगितलं, ताई?"

"कोणी नाही. माझं मलाच हवंय."

तो शब्द मी आयुष्यात पहिल्यांदा मोठ्यानं उच्चारला. आणि गंमत अशी की त्यात कणभरही खरं नव्हतं. मला काही नको होतं. मी खरोखरची निरिच्छ होते, आबांची लेक शोभावी अशी. समुद्र म्हणजे काय ते मला धड माहीत नव्हतं. पेटीला किती पट्ट्या असतात विचारलं असतं तर मी तिथेच आडवी झाले असते.

"ताई, पण आबा..." उदय पुढे आला. त्याचे कान लाल झाले होते. "आबा खरंच..."

मला वाटलं, हा आता कबूल करणार. मोठेपणा करणार, माझं आहे म्हणणार, आणि दोघंही जाणार. मी त्याचा दंड असा आवळला की नखं रुतली.

"तू गप्प बस, उदय. तुला काही माहीत नाही. आबा असं कधीच बोलले नाहीत."

तो माझ्याकडे बघत राहिला. मग त्यानं मान खाली घातली.

भाऊ विचार करत होते. चार माणसांच्या मागे महिनोन्महिने माणसं लावायची, त्यापेक्षा आपण होऊन सांगणारं एक माणूस हातात आलेलं. हिशेब अवघड नव्हता. ते मागच्या साक्षीताईकडे बघून किंचित हसले आणि मला म्हणाले, इतकं स्वच्छ बोलणारं माणूस बऱ्याच दिवसांनी भेटलं, आनंद वाटला. मग त्यांनी छत्री मिटली.

थोडा वेळ काहीच झालं नाही. मग पंपघराच्या मागून कावळे एकेक करून छपरावर आले, या वेळी आमच्याकडे तोंड करून. एक खाली उतरला, पायरीवर उड्या मारत आला आणि पिंडाला चोच मारून गेला. काकांनी मोठ्यानं श्वास सोडला. घर वाचलं होतं. काकांच्या डोळ्यांत पाणी आलं आणि ते खरोखर हात जोडून म्हणाले, "आला, दादा आला."

आईनं कावळ्याकडे पाहिलंच नाही. तिला किती समजलं होतं कोण जाणे. ती माझ्याजवळ आली, माझी ओढणी ओढून डोक्यावर सारखी केली आणि म्हणाली, "ऊन लागतंय, नलू." माझं तिचं शेवटचं बोलणं ते; घाटावरूनच मला विसाव्याला नेलं. आबांच्या नावानं तिला काय सांगायचं होतं, ते मी तोडलं. ते तिच्याबरोबर गेलं.

विसाव्यात मारहाण नव्हती. लोकांना वाटतं, असेल. तिथे फक्त विचारत. रोज सकाळी एक ताई समोर बसायच्या आणि गोड आवाजात विचारायच्या, समुद्र तुम्हाला कसा हवा आहे? कुठल्या रंगाचा? किनाऱ्यावर कोण असतं? तुम्ही कुठे उभ्या असता? इच्छा मुळापासून उपटायची तर आधी मूळ कुठवर गेलंय ते बघावं लागतं, असं त्यांचं शास्त्र. मी अडखळले असते तर त्यांना संशय आला असता की ही खोटं बोलते, इच्छा दुसऱ्याच कोणाची आहे. मग उदयला आणलं असतं. म्हणून मी ताकास तूर लागू न देता बनवून सांगायची. आज सकाळचा समुद्र, आज ढगाळ आहे, आज बोट आहे. काल सांगितलेल्याशी आजचं जुळायला हवं, त्यासाठी मी पडल्या पडल्या तो घोकायची. पेटीचंही तसंच. मांडीवर बोटं ठेवून बसायची.

आणि मग कधीतरी, मला सांगताही येणार नाही कधी, मी बनवायचं थांबले. त्या विचारायच्या आधीच मला तो दिसायला लागला. एक दिवस ताईंनी काही विचारलं नाही, नुसत्या बसून गेल्या, तर मला रडू आलं. मला समुद्र हवा होता. जिला आयुष्यात कधी पोळी की भाकरी याचंही मत नव्हतं, तिला त्यांनीच रोज विचारून विचारून हवंसं करून सोडलं.

पुढे वरची माणसं बदलली. नगराची दारं उघडली, विसाव्याचीही. कोणी लढाई केली नाही की घोषणा झाल्या नाहीत, एका सकाळी पहारा आला नाही एवढंच. तोवर माझे केस पांढरे झाले होते. आई आणि काका गेल्याचं मला आत असतानाच कळवलं होतं. दोघंही आपल्या खोलीत, आपल्या माणसांत गेले. तेवढ्यासाठी मी ते केलं होतं, आणि तेवढं झालं. याचं मला समाधान आहे, आणि त्यांना डोळ्यांनी पाहता आलं नाही याचं दुःखही आहे. दोन्ही आहे.

फाटकाशी उदय उभा होता. त्यालाही टक्कल पडलं होतं. दुकानांत आता रंगीत कपडे मिळायला लागले होते, पण त्यानं राखाडीच घातले होते. आम्ही एकमेकांना धरून रडलो नाही. तसं करायचं असतं हे आम्हाला माहीतच नव्हतं. त्यानं माझी पिशवी घेतली आणि आम्ही रस्त्यापलीकडच्या टपरीवर चहाला बसलो. चहावाल्यानं विचारलं, साखर कमी की जास्त? उदय म्हणाला, चालेल. चहावाला गोंधळून तसाच उभा राहिला. मग मी म्हणाले, जास्त.

उदयनं माझ्याकडे चमकून पाहिलं.

चहा आला. मी त्याला म्हणाले, आपण समुद्र बघायला जाऊ. एसटी जाते असं ऐकलंय. त्यानं कप खाली ठेवला, चहावाल्याकडे पाहिलं, रस्त्याकडे पाहिलं आणि जरुरीपेक्षा मोठ्या आवाजात म्हणाला, "मला काही नको, ताई. आहे ते बरं आहे." मग तोंड न हलवता, अगदी हळू, "कोणी सांगितलं तुला हे विचारायला?"

मला राग आला नाही. माझ्याही मनात तेच आलं होतं, की हा फाटकाशी भाऊ म्हणून आलाय की आणखी कशासाठी. दोघंही तसेच बसून राहिलो, एकमेकांच्या कपाकडे बघत.

शेवटी मी म्हटलं, आता काय व्हायचं ते होऊ दे. मी त्याला पंपघरामागचं सगळं सांगितलं. बादली, माशांची डोकी, छत्री. आणि म्हणाले, "तुझी इच्छा मी माझ्या नावावर घेतली रे. तेव्हा खोटी होती. आता माझी झालीय. म्हणून म्हटलं, तुझ्याबरोबर जावं. मुळात तुझीच ती."

त्यानं खाली ठेवलेला कप पुन्हा उचलला.

"माझी नव्हती, ताई."

"म्हणजे?"

"मी घाटावर माझं बोललोच नव्हतो. आबांचंच सांगत होतो." त्यानं कप दोन्ही हातांत धरला. "डबा घेऊन धोबीखान्यात जायचो ना मी, तेव्हा ते सांगायचे. यंत्रांच्या घरघरीत कोणाला ऐकू जायचं नाही म्हणून. तू सगळ्यांसमोर म्हणालीस, आबा असं कधीच बोलले नाहीत. मोठी बहीण, मला वाटलं तुला जास्त माहीत. मग वर्षं गेली तसं मलाही वाटायला लागलं, बोलले नसतीलच. आपणच बनवलं असेल."

त्या सकाळी घाटावर एकच माणूस खरं बोलत होतं आणि मी त्याच्या दंडात नखं रुतवून त्याला गप्प केलं होतं. आबांना काही हवं होतं. एक गोष्ट होती. ती त्यांनी आम्हा सगळ्यांपासून लपवली आणि एका लहान पोराच्या कानात घातली.

"काय सांगायचे?" मी विचारलं.

"लहान असताना गेले होते म्हणे एकदा, नगर व्हायच्या आधी. लाट मागे जाताना पायाखालची वाळू ओढून नेते. गुदगुल्या होतात आणि तोल जातो. ते पडले होते, चांगले नाकातोंडात पाणी जाईस्तोवर. परत एकदा जाऊन तसं पडायचंय म्हणायचे." उदय थांबला. "आणि हसायचे."

"आबा हसायचे?"

"हो."

"कसे?"

उदयनं मागे पाहिलं. चहावाला भांडी विसळत होता, रस्त्यावर कोणी नव्हतं. तरी त्यानं पुन्हा एकदा दोन्ही बाजूंना पाहून घेतलं. मग त्यानं ओठ मिटून घेतले, डोळे बारीक केले, खांदे हलायला लागले, आवाज नाहीच, आणि शेवटी आवरता न येऊन नाकातून एक बारीकसा फुसकारा निघाला.

मी त्याला म्हटलं, "पुन्हा दाखव."